बाउंटीवरचा फणस

५ फेब्रुवारी १७९३ रोजी जमैकाच्या पोर्ट रॉयल बंदरात ‘प्रॉव्हिडन्स’ हे इंग्रज जहाज येऊन थांबले. जहाजावर माल म्हणून होती ती झाडांची रोपे. कुंड्यांत, पिंपांत, लाकडी खोक्यांत लावलेली, ताहिती बेटावरून अर्ध्या जगाला वळसा घालून आणलेली. रुंद, खोल चिरलेल्या पानांच्या या रोपांना पुढे जे फळ धरणार होते, त्याची चव जमैकात जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती. तरीही जमैकाच्या विधिमंडळाने जहाजाचा कॅप्टन विल्यम ब्लाय याला एक हजार गिनींचे बक्षीस दिले. फळ खायचे होते उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांनी. त्यांना कोणी विचारले नव्हते.

हे फळ म्हणजे आपला नीरफणस. कोकणात आणि गोव्यात त्याला विलायती फणसही म्हणतात. श्रावणात त्याचे काप तव्यावर पडले की घरभर वास सुटतो. पण त्याच्या मागे किती मोठा इतिहास आहे, हे काप खाताना क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. एका साम्राज्याने नकाशावर बोट ठेवून ठरवले, की या लोकांनी यापुढे हे खायचे. त्या लोकांच्या चुलीने मात्र स्वतःचा निर्णय स्वतःच्या वेळेला घेतला. नीरफणसाचा खरा इतिहास जहाजांपेक्षा त्या चुलींचा अधिक आहे.

नीरफणस मूळचा न्यू गिनीच्या बाजूचा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो आपल्या फणसाचा सख्खा भाऊबंद, दोघांचे कुळ एकच. तिथल्या जंगली, बियांनी भरलेल्या फळापासून पिढ्यानपिढ्या निवड करत लोकांनी कमी बियांची आणि शेवटी अजिबात बी नसलेली जात मिळवली. प्रशांत महासागरातले दर्यावर्दी आपल्या होड्यांतून ही रोपे बेटाबेटांवर घेऊन गेले. ताहितीत त्याला ‘उरू’ म्हणतात, हवाईत ‘उलू’. बेटांवर या झाडाचे काहीच वाया जात नसे. खोडाच्या होड्या होत, सालीचे कापड होई, चिकाने होडीच्या फटी बुजवत. फळ निखाऱ्यावर किंवा जमिनीतल्या भट्टीत भाजत. हंगामात फळे अंगावर येतील इतकी धरली, की ती पानांनी अस्तर केलेल्या खड्ड्यात दाबून आंबवत आणि पुढच्या टंचाईसाठी राखून ठेवत. लोणची मुरवणाऱ्या, आंबोशी आणि सांडगे वाळवणाऱ्या माणसाला या खड्ड्यामागची काळजी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

युरोपला या फळाची ओळख करून दिली ती विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्द्याने. १६८६ मध्ये तो ग्वाम बेटावर उतरला होता आणि १६९७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने लिहिले, की इथले लोक हे फळ पावासारखे खातात. पुढे १७६९ मध्ये कॅप्टन कुक याच्याबरोबर जोसेफ बँक्स हा तरुण, श्रीमंत वनस्पतिशास्त्रज्ञ ताहितीत तीन महिने राहिला. शेत नांगरायचे नाही, पेरायचे नाही, दळायचे नाही, आणि झाडावर भाकरी लागते, हे दृश्य युरोपच्या डोक्यात घट्ट बसले. ताहितीच्या बायका-पुरुषांनी ती झाडे लावण्यात, राखण्यात, फळ भाजण्यात आणि आंबवण्यात किती कष्ट ओतले होते, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. या दुर्लक्षातूनच पुढचा सगळा हिशेब चुकत गेला.

इकडे कॅरिबियन बेटांवर उसाच्या पैशाची हाव इतकी, की चांगली जमीन अन्नासाठी सोडायला मळेवाले तयार नव्हते. मका आणि खारवलेले मासे उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींतून येत. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि ती आवक तुटली. त्यात १७८० पासून वादळांमागून वादळे आली, केळीच्या बागा झोपल्या. १७८० ते १७८७ या काळात उपासमारीने आणि तिच्यामुळे आलेल्या रोगांनी जमैकात सुमारे १५,००० गुलाम मेले, असे तिथल्या विधिमंडळानेच नोंदवले. मळेवाल्यांनी बँक्सकडे तगादा लावला: ताहितीची ती झाडे आणा. माणसांना उपाशी मारणारी व्यवस्था बदलायची नव्हती. तिला पुरेल असे स्वस्त अन्न तेवढे हवे होते.

बँक्सच्या शब्दाला राजदरबारी वजन होते. २३ डिसेंबर १७८७ रोजी ‘बाउंटी’ हे जहाज इंग्लंडहून निघाले. कॅप्टन ब्लाय, सोबत डेव्हिड नेल्सन आणि विल्यम ब्राउन हे दोन माळी. बिनबियांचा नीरफणस आठळी खिशात टाकून नेता येत नाही. झाडाच्या मुळांतून फुटणारी पोरे काढावी लागतात, ती रुजवावी लागतात आणि जिवंत न्यावी लागतात. म्हणून जहाजातली सगळ्यात मोठी, मानाची केबिन रोपांना दिली. तिच्या जमिनीवर शिशाचा पत्रा ठोकला, म्हणजे कुंड्यांतून झिरपलेले गोडे पाणी वाया न जाता पुन्हा वापरता यावे.

ऑक्टोबर १७८८ मध्ये बाउंटी ताहितीला पोहोचली. रोपे रुजेपर्यंत पाच महिने तिथेच मुक्काम पडला. १,०१५ रोपे, ७७४ कुंड्या, ३९ टब आणि २४ खोकी, असा चोख हिशेब ब्लायने लिहून ठेवला आहे. परतीच्या वाटेवर २८ एप्रिल १७८९ च्या पहाटे फ्लेचर ख्रिश्चन आणि त्याच्या साथीदारांनी बंड केले. ब्लायला अठरा माणसांसह २३ फुटांच्या उघड्या होडीत उतरवले आणि रोपे समुद्रात फेकून दिली. त्या होडीतून ब्लायने साडेसहा हजार किलोमीटरचा समुद्र कापून तिमोर गाठले. नेल्सन तिमोरमध्ये तापाने गेला. या बंडावर हॉलिवूडने पुन्हा पुन्हा चित्रपट काढले, पुस्तकांचा तर ढीग आहे. एवढ्या सगळ्यात ते जहाज मुळात एका फळासाठी निघाले होते, ही गोष्ट मागे पडली.

बँक्सने हार मानली नाही. १७९१ मध्ये ब्लाय पुन्हा निघाला, या वेळी दोन जहाजे घेऊन. जेम्स वाइल्स आणि ख्रिस्तोफर स्मिथ हे नवे माळी सोबत होते. ताहितीहून दोन हजारांवर रोपे चढवली. परतीच्या प्रवासात पाण्याची टंचाई पडली, तेव्हा माणसांचे पाणी तोडून रोपांना घातले गेले. पुढे ऑस्ट्रेलियाचा किनारा नकाशावर आणणारा मॅथ्यू फ्लिंडर्स तेव्हा यांतल्याच ‘प्रॉव्हिडन्स’वर कोवळ्या वयाचा उमेदवार होता. माळी पाण्याच्या बादल्या घेऊन रोपांकडे जाई, तेव्हा पायऱ्यांवर सांडलेले थेंब आपण चाटत असू, अशी आठवण तो सांगत असे. खारे वारे, ऊन आणि तहान यांतून निम्म्याहून अधिक रोपे गेली. उरलेली काही जानेवारी १७९३ मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावर उतरली, तिथल्या १७६५ पासूनच्या वनस्पती उद्यानात लागली. बाकीची जमैकाला गेली. वाइल्स जमैकातच राहिला आणि त्याने ती झाडे जिवापाड वाढवली. माळ्याचे काम फत्ते झाले.

आणि फळ धरल्यावर लोकांनी ते खाल्ले नाही.

मळेवाल्यांच्या आणि प्रवाशांच्या त्या काळच्या लिखाणात तक्रार एकच दिसते: एवढा खर्च करून आणलेले फळ हे लोक डुकरांपुढे टाकतात. यात त्यांना गुलामांचा हट्ट दिसला, अडाणीपणा दिसला. पण जरा त्या माणसांच्या बाजूला बसून पाहावे. गुलामांना डोंगरउतारावरची नापीक तुकडा-तुकडा जमीन अन्न पिकवण्यासाठी दिलेली असे. दिवसभर उसात राबून, उरलेल्या वेळात आणि रविवारी ते तिथे याम नावाचा कंद, अळकुड्या, केळी लावत. यातले बरेच त्यांच्या आफ्रिकेतल्या ताटातले. जास्तीचे पीक रविवारच्या बाजारात विकून चार पैसे गाठीला बांधत. त्या आयुष्यात ‘माझे’ म्हणण्याजोगे काही असेल, तर हे शेत आणि त्यातले अन्न. नीरफणस आला तो मालकाच्या हुकमाने आणि मालकाच्या झाडावरून. शिवाय तो नुसता तोंडात टाकायचा मेवा नाही. तो पोटभरीचा जिन्नस, म्हणजे यामच्या जागेवर बसायला आलेला. फळ वाईट नव्हते. ते ज्याच्या जागी येऊ पाहत होते, ती जागा रिकामी नव्हती.

आंब्याशी तुलना केली की हे स्पष्ट होते. १७८२ मध्ये इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडले. त्यावर मॉरिशसकडची रोपे होती, नंबर घातलेली. त्यांत आंबा होता, फणसही होता. ही रोपे जमैकात लावली आणि आंबा बघता बघता बेटभर झाला. त्या जहाजावरचा नंबर तिथल्या एका आंब्याच्या नावात अजून टिकून आहे: ‘नंबर इलेव्हन’. आंबा पिकला, तोडला, चोखला, संपला. त्याने कोणाचे जेवण हलवले नाही. जेवणाच्या मधोमध बसायला निघालेल्या फळाला जास्त थांबावे लागते.

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींत गुलामी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये उरलेली वेठही गेली. मोकळी झालेली कुटुंबे मळे सोडून डोंगरांकडे गेली, छोट्या जमिनींवर गावे वसली. अशा घराला दर वर्षी लावावे न लागणारे, चार-पाच वर्षांत धरणारे आणि पुढे कित्येक वर्षे शे-दोनशे फळे देणारे झाड म्हणजे मोठा आधार. आता ते मालकाचे झाड राहिले नाही, परसातले झाड झाले. मूळ तोडले की नीरफणसाला तिथून नवे कोंब फुटतात. जितके मूळ तोडाल तितके ते फोफावते, अशी म्हणच जमैकात आहे. त्या लोकांनी ही म्हण का जपली असेल, ते त्यांच्या इतिहासाकडे पाहून उमगते.

स्वीकार कसा झाला, हे पदार्थांत वाचता येते. जमैकात नीरफणस अख्खा भाजतात, याम भाजावा तसा. देठ काढतात, खालून एक फुली मारतात म्हणजे वाफ कोंडत नाही, आणि फळ निखाऱ्यावर ठेवून फिरवत राहतात. साल पार कोळशासारखी काळी होते आणि देठाच्या जागेतून वाफ निघू लागते. मग साल सोलायची. आतून पिवळसर पांढरा, धुराचा वास धरलेला गर निघतो. मधला गाभा काढून फोडी करायच्या. उरलेल्या फोडी दुसऱ्या दिवशी सकाळी तळायच्या आणि खारवलेल्या माशाबरोबर शिजवलेल्या ॲकीसोबत खायच्या. ॲकी हे पश्चिम आफ्रिकेतले फळ, गुलामांच्या जहाजांच्या वाटेने आलेले. मासा उत्तर अटलांटिकचा. नीरफणस ताहितीचा. एका थाळीत तीन समुद्र आणि तीन सक्तीचे प्रवास. आज ही थाळी जमैकाचा अभिमान आहे.

सेंट व्हिन्सेंटमध्ये भाजलेला नीरफणस आणि तळलेला मासा हा राष्ट्रीय पदार्थ. गुलामीच्या अंताची आठवण जागवणाऱ्या ऑगस्ट महिन्यात तिथे या फळाचा उत्सव भरतो. ग्रेनाडा बेटावरच्या ‘ऑइल डाउन’ची कृती तर कोकणी माणसाने ऐकली, तर त्याला आपल्याच घरातली वाटेल: नीरफणसाच्या फोडी, खारवलेले मांस, अळूसारखी पाने आणि हळद एका मोठ्या टोपात रचायची, नारळाचे दूध ओतायचे आणि ते आटून तळाशी तेल सुटेपर्यंत शिजवायचे. तेल सुटले की झाले. नावही त्यावरूनच पडले.

ॲकीच्या झाडाच्या शास्त्रीय नावात ब्लायचे नाव कायमचे कोरले गेले आहे. निखाऱ्यावर हे फळ फिरवून पाहणाऱ्या, चव घेऊन मान हलवणाऱ्या, शेजारणीला कृती सांगणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव कुठे लिहिलेले नाही. फळ जिवंत पोहोचवले ब्लायने, हे खरे. त्याला अन्न केले त्या बायकांनी.

आपल्याकडे गोष्ट निराळी घडली. इथे कोणी नीरफणस खाण्याची सक्ती केली नाही. तो बाहेरून आला, याची खूण नावांतच आहे. मराठीत ‘विलायती’, मल्याळममध्ये ‘शीमचक्का’, म्हणजे परदेशी फणस, आणि सिंहलीत ‘रट देल’, त्यातल्या ‘रट’चाही अर्थ परदेशी. पण दुसरी काही नावे त्याहून बोलकी आहेत. मंगळूरकडची कोंकणी त्याला ‘जीवकडगी’ म्हणते आणि तुळूत तो ‘जीगुज्जे’. कडगी काय, गुज्जे काय, दोन्हींचा अर्थ कोवळा फणस. म्हणजे हे फळ हातात आले, तेव्हा रांधणाऱ्या माणसाने त्याला पिकल्या गऱ्यांच्या रांगेत बसवले नाही, थेट भाजीच्या फणसाशेजारी बसवले. कोकणात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी पिढ्यानपिढ्या होत आली आहे. चीक कसा सांभाळायचा, हाताला आणि विळीला तेल का लावायचे, फोडी लगेच पाण्यात का टाकायच्या, हे सगळे आधीच हातात होते. जमैकात ज्याला दोन पिढ्या लागल्या, ते इथे कोणाच्या लक्षातही न येता झाले असणार. जागा तयार होती.

पोर्तुगिजांच्या वाटेने आपल्याकडे किती फळे आली! काजू आणि अननस ही नावेसुद्धा ब्राझीलच्या तुपी भाषेतून निघालेली. काजूने गोव्याच्या डोंगरांचे रूप पालटले, अननस मुरंब्यात आणि शिऱ्यात गेला. नीरफणस बाजारपेठेच्या मागे लागला नाही. तो परसात, विहिरीच्या किंवा माडांच्या आसपास, एखाद-दुसऱ्या झाडापुरता राहिला. त्यामुळे तो घरांचा राहिला. शेजाऱ्यांकडे चार फळे पोहोचवायची, मुंबईला जाणाऱ्याच्या पिशवीत दोन घालायची, अशीच त्याची ये-जा.

त्याचे काप हा कोकणी-गोमंतकी तव्याचा जुना साचा. सुरणाचे, वांग्याचे, कच्च्या केळ्याचे काप जसे, तसेच हे. फळाची हिरवी साल जाड काढायची, चार भाग करून मधला मऊ गाभा उडवायचा. अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप करून मिठाच्या पाण्यात टाकायचे, नाहीतर ते काळवंडतात. निथळून हळद, तिखट, मीठ आणि थोडे कोकमाचे आगळ चोळायचे, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवायचे आणि तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस होऊ द्यायचे. बाहेर कुरकुरीत, आत पावासारखा मऊ. श्रावणात मासळी बंद असते, तेव्हा तळलेल्या मासळीच्या त्याच मसाल्यात आणि त्याच तव्यावर नीरफणस उभा राहतो. डॅम्पियरने ग्वामला पाव पाहिला, जमैकाने याम पाहिला, कोकणाने तळलेली तुकडी पाहिली. फळ एकच, ज्याने त्याने त्यात आपल्याला हवे ते शोधले.

आज हवाईतल्या माउई बेटावर नीरफणसाच्या सुमारे दीडशे जातींचा संग्रह जपला जातो आणि उपासमार असलेल्या देशांत त्याची रोपे पाठवली जातात. हे काम फार मोलाचे आहे. तिथेही प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीचाच उरतो: रोप लागेल, फळ धरेल, पण ते शिजवायचे कसे हे त्या घरातल्या माणसाला पटले पाहिजे. रोपाबरोबर पाककृती पाठवणे आणि त्याआधी तिथल्या बायकांना त्यांच्या चुलीवर काय शिजते हे विचारणे, हे ज्याने केले त्याचेच झाड परसात राहील.

कोकणातल्या परसातली जुनी झाडे मात्र आता घराच्या नव्या बांधकामात, रस्त्याच्या रुंदीकरणात जाऊ लागली आहेत. ज्यांच्याकडे झाड आहे त्यांनी ते तोडण्याआधी मुळाचे एखादे पोर काढून कोणाला तरी द्यावे. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी पावसाळ्यात बाजारात नजर ठेवावी. फळ घट्ट, पूर्ण भरलेले आणि सालीवर चिकाचे सुकलेले थेंब असलेले निवडावे. उतरवल्यावर ते दोन-तीन दिवसांतच मऊ पडते, तेव्हा दिसेल त्या दिवशीच घरी आणावे. आणि चिरायला बसण्याआधी हाताला तेल लावायला विसरू नये.